अकरा मिनिटांची नोंद

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली. ज्या माणसाच्या मला वीस पावलं मागे राहायचं होतं, तो माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता. जिना नुकताच धुतलेला, पायऱ्यांवर साबणाचं पाणी... म्हणून मी लिफ्टमध्ये शिरले आणि फसले.

"कुणाकडे निघालात?" त्यानं विचारलं.

"दातांच्या डॉक्टरांकडे."

"कुठला दात?"

मी उजवा गाल धरला. त्याच्या छत्रीतून पाणी ठिबकत होतं. तो आधी डोळ्यांनी हसतो आणि मग ओठांनी, हे वीस पावलांवरून कधी कळलं नसतं.

आमच्या विभागात खाजगी गुप्तहेरांची संघटना आहे. तिचा शिक्का नसेल तर वकील आमच्या अहवालाला हातही लावत नाहीत. सदस्य व्हायचं तर एका जुन्या सदस्याचा तीन दिवस पाठलाग करायचा आणि मिनिटामिनिटाचा अहवाल लिहायचा. त्या सदस्याला आम्ही सावज म्हणतो. आपल्या मागावर कुणीतरी आहे, एवढंच त्याला ठाऊक असतं. त्यानं ओळखलं, तर तो तारीख-वेळ लिहून बंद पाकीट देतो आणि उमेदवार नापास होतो. दोन्ही कागद वार्षिक सभेत मोठ्यानं वाचले जातात.

बाबा तिथले जुने सदस्य. गुडघ्यांनी दगा दिला तशी त्यांनी कचेरी माझ्या हाती सोपवली. पाटीवर आपल्या नावापुढे 'आणि कन्या' असं रंगवूनही घेतलं, पण त्या दोन शब्दांवर वर्तमानपत्राचा कागद चिकटवला. "शिक्का आण, मग कागद काढू," म्हणाले. आमच्या घरात मान ताठ ठेवायची खोड पिढीजात आहे.

"तुम्ही काय करता?" लिफ्टमध्ये गप्प राहणं संशयास्पद दिसेल म्हणून मी विचारलं.

"हरवलेली माणसं शोधतो. सापडली की आधी त्यांनाच विचारतो, घरी कळवू का?"

"आणि नको म्हणाली तर?"

"तर घरच्यांना एवढंच सांगतो – सुखरूप आहेत."

लिफ्ट हलली. माझं मन मात्र तिथेच अडकून राहिलं.

तिसऱ्या दिवशी तो वाचनालयासमोरच्या कॉफीच्या दुकानात, काचेमागे वर्तमानपत्र उघडून बसला होता. पाऊस भुरभुरत होता. मी रस्त्याच्या पलीकडे, वही हातात. त्यानं बाहीनं काचेवरची वाफ पुसली... आणि चार दहा ते चार एकवीस माझ्या वहीत काहीच उमटलं नाही. भानावर आले, तेव्हा तो रस्ता ओलांडून सरळ माझ्याकडे येत होता.

"दात कसा आहे?"

"बरा आहे आता," मी गालाला हात लावला.

"परवा उजवा दुखत होता."

माझा हात डाव्या गालावर होता. गुप्तहेराची मुलगी, आणि स्वतःची थाप लक्षात ठेवता येऊ नये!

"लिहिणार तुम्ही?" मी विचारलं.

"लिहायला हवं." त्याचा चेहरा उतरला. "पण तुम्ही म्हणत असाल तर–"

"मी म्हणणार नाही. तुम्ही नाही लिहिलंत तर मी लिहीन."

तो माझ्याकडे बघत राहिला. "वाटलंच होतं मला," तो हळूच म्हणाला. कुणी माझं इतकं मोठं कौतुक आजवर केलं नव्हतं.

सभेला साठ गुप्तहेर होते. चिटणीस माझा अहवाल वाचत होते. अहवालात खाडा पडला तर त्याचं कारण द्यावंच लागतं, हा नियम.

"'चार दहा ते चार एकवीस, नोंद नाही. कारण: या वेळात मी सावजावर पाळत ठेवली नाही. नुसती त्याच्याकडे पाहत होते.'"

चेहऱ्यावर काही दिसू न देण्यात मुरलेली साठ माणसं एकदम छताकडे बघू लागली.

मग त्याचं पाकीट उघडलं. "'तिसरा दिवस, चार तेवीस: ओळखलं. उमेदवारानं लपवाछपवी केली नाही. चार दहा ते चार एकवीस मी वर्तमानपत्राचं पान उलटलं नाही. काचेतून ती दिसत होती.'"

अध्यक्ष बाबांचे जुने मित्र. ते खाकरले. "पोरीनं सगळं स्वतःहून लिहिलंय. या खेपेला देऊन टाकू शिक्का."

मी उभी राहिले. "नको. मी ओळखले गेले. पुढच्या वर्षी परत येईन."

तिसऱ्या रांगेत बाबा काठीवर हात ठेवून ताठ बसले होते. डोळे भरलेले. "माझी मुलगी आहे," त्यांनी शेजारच्याला सांगितलं. शेजारचा मला लहानपणापासून ओळखत होता.

बाहेर छत्र्यांच्या स्टँडपाशी तो थांबला होता. "पुढच्या वर्षी सावज दुसरं मागून घ्या."

"का? घाबरलात?"

"नियम सातवा. सावज उमेदवाराच्या नात्यातलं नसावं."

माझे कान गरम झाले. "तुम्ही कुठे आहात नात्यात?"

"अजून वर्ष आहे ना हातात..."

"मग लेखी द्या," मी म्हटलं. "तारीख, वेळ, ठिकाण."

त्यानं भिंतीला कागद टेकवून लिहिलं: उद्या. चार वाजून दहा मिनिटं. काचेच्या आत, दोन खुर्च्या.

एवढ्यात काठी टेकत बाबा आले. "काय गं ते हातात?"

"पुरावा, बाबा."

त्यांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत निरखलं, सवयीनं. मग माझी मूठ स्वतःच्या हातानं मिटली.

"मग जपून ठेव," म्हणाले.