जेरुशाचा कोरा दगड

थँक्सगिव्हिंगचा सण तोंडावर आला होता. टर्की सांगून ठेवायला गावात जायचंच होतं, तर जाता जाता जुन्या दफनभूमीतही डोकावू, असं रोझ म्हणाली. रोझ माझी मुलगी. दिवस भरत आले होते तिचे. पोटात मुलगी आहे हे कळल्यापासून तिनं एकच ध्यास घेतला होता. आमच्या घराण्यातली पहिली बाई, इंग्लंडहून जहाजातून इथं मॅसॅच्युसेट्सला उतरलेली, तिचंच नाव बाळाला ठेवायचं. पण ते नाव होतं कोणाला ठाऊक? आमच्याकडे सगळे तिला ‘कॅलेब लोथ्रॉपची बायको’ म्हणायचे. नवऱ्याचं नाव तेवढं राहिलं, तिचं गेलं मातीत!

कॅलेबच्या दगडाशेजारी तिचा दगड सापडला, पण झिजलेलं अक्षर वाचता येईना. आम्ही त्यावर पातळ कागद धरला आणि काळ्या मेणाची वडी घासली. काळ्यातून हळूहळू पांढरी अक्षरं उठली.

“जेरुशा!” रोझ मोठ्यानं ओरडली आणि पोट धरून हसायला लागली. “अगं आई, लाथ मारली बघ! आवडलं हं तिला.”

दफनभूमी राखणारा म्हातारा टटल पानं झाडत आला. “काय बायांनो, मेलेल्यांना काळं फासताय होय?”

“आमच्या पूर्वज बाईचं नाव मिळालं, टटलकाका,” रोझ म्हणाली. “जेरुशा.”

त्याचा खराटा थांबला. “मागचे धाकटे दगड बघितलेत?”

मागं गवतात गुडघ्याएवढे दगड होते. आम्ही एकेक घासत गेलो. जेरुशा. जेरुशा. पुन्हा जेरुशा.

“हे काय गं आई...”

“तेव्हाची रीतच ती,” टटल म्हणाला. “पोर गेली की पुढच्या पोरीला तेच नाव. मुलगे तेवढे जगले. मुलगी एकही नाही.”

“आणि हा कोरा?” मी शेवटच्या दगडाकडे बोट दाखवलं.

“तो तिनं आधीच घडवून घेतला होता, पुढच्या मुलीसाठी. माझा आजा सांगायचा. मग मुलगी झालीच नाही.” त्याचा आवाज खाली आला. “नाव मोठ्यानं घेतलंत का तुम्ही... इथं?”

रोझ दगडापासून मागे सरली. दोन्ही हात पोटावर, चेहरा पांढराफटक.

“आई... बाळ वळतंय.”

“वळू दे की.”

“तसं नाही गं... कोणी हाक मारल्यावर वळावं, तसं. त्या दगडाकडे...”

मी हात ठेवला. इवलीशी टाच आतून जोर लावत होती, नेमकी त्याच बाजूला. ओल्या मातीचा आणि नासलेल्या दुधाचा वास आला. देवाशप्पथ सांगते, आलाच. मी रोझला ओढतच गाडीत घातलं. मेणाची वडी त्या कोऱ्या दगडावरच राहिली. घासलेले कागद घरी आल्या आल्या शेगडीत जाळले.

बाळाचं नाव ऑड्री ठेवलं. आता चांगली चालते, बोलते, गोड आहे हो पोर. पण ऑड्री म्हणून कितीही हाका मारा, ढिम्म. कान उत्तम आहेत, असं डॉक्टर म्हणतात. ते दुसरं नाव या घरात कोणी उच्चारलेलं नाही. आत्ता तुम्हाला सांगतेय तेसुद्धा ती माडीवर झोपली आहे म्हणून, आणि हळू आवाजात.

काल संध्याकाळी रोझ तिला भोपळ्याचं सूप भरवत होती. पोरीनं एकाएकी मान वळवली. खिडकीच्या बाहेर कोणीसुद्धा नव्हतं.

“आले गं आई!”

“मी इथंच आहे ना, राणी...” रोझ म्हणाली.

पोरीनं तिच्याकडे परक्या बाईकडे बघावं तसं बघितलं. “तू नाही.”

आणि खुर्चीवरून उतरायला तिनं हात पुढे केला. तळवा काळाकुट्ट होता. मेणानं. मी पुसला, साबणानं घासला, निघेना हो... आणि त्या दफनभूमीत तर आम्ही तिला कधी नेलेलंच नाही.