मोतद्दारांच्या माळ्यावरच्या खिडक्या

तो तरुण छपराकडे डोळे लावून मागे मागे चालत होता, आणि हेस्टर कांद्याच्या गरम पेजेचं भांडं घेऊन जिन्याकडे निघाली होती. व्हायचं तेच झालं. अर्धी पेज त्याच्या बुटांवर गेली.

"माफ करा... मी तो छपरावरचा मनोरा बघत होतो."

"घोडेही रोज बघतात. ते कुणाला धडकत नाहीत."

तो हसला. हसू छान होतं, म्हणूनच तिला जास्त राग आला.

व्हिक्टोरिया राणीची अमदानी होती. न्यूमार्केटला सर गॉडफ्रे शर्यतीच्या घोड्यांसाठी नवी पागा बांधत होते; तयार झालेल्या भागात घोडे आणि माणसं राहायलाही आली होती. हेस्टर पेटिट तिथली स्वयंपाकीण, आणि हा अँब्रोझ थर्लो, वास्तुविशारदाचा मदतनीस. त्याने तिला कौतुकाने सगळं दाखवलं – लाल विटा, पांढऱ्या फरशा, प्रत्येक घोड्याला वेगळा खण, खणातली कोंदट हवा वर ओढून नेणाऱ्या नळ्या.

"इथला घोडा कधी खोकणार नाही, मिस पेटिट."

"घोडा नाहीच खोकत. त्यांची निगा राखून वर माळ्यावर झोपणारे मोतद्दार खोकतात. ही पेज कुणासाठी होती, वाटलं तुम्हाला?"

"पण हवा तर मनोऱ्यातून बाहेर..."

"नळ्या आधी माळ्यात उघडतात. वाटेत आमची माणसं आहेत."

तो हळूच म्हणाला, "नकाशात तिथे खिडक्या होत्या. सर गॉडफ्रेंनी खोडल्या. दर्शनी भिंतीची शोभा जाते म्हणाले."

"आणि तुम्ही खोडू दिल्या? एकदा झोपून बघा वर. मग या, तुमचं ऐकते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. डोळे लाल, केसांत गवताच्या काड्या.

"खरंच गेलात?"

"तुम्ही ऐकते म्हणालात ना..."

तिने मान खाली घालून पाव कापायला घेतला. "बोला मग."

"बोलण्यासारखं काही नाही. लाज वाटतेय."

सर गॉडफ्रे डॉनकास्टरच्या शर्यतींना गेले, आणि अँब्रोझने गवंड्यांना खिडक्यांसाठी माळ्याची भिंत फोडायला लावली. हेस्टर येता-जाता थबकायची.

"डावीकडची वाकडी आहे."

"सरळ आहे. तुम्ही मान वाकडी करून बघताय."

"मी तुमच्याकडे बघत नव्हते."

"मी खिडकीबद्दल बोलत होतो, मिस पेटिट."

सर गॉडफ्रे पाहुण्यांना घेऊन परतले. खिडक्या पाहून त्यांनी अँब्रोझला बाजूला घेतलं आणि तिथल्या तिथे हाकललं. तेवढ्यात पाहुण्यांनी खिडक्यांची तारीफ सुरू केली. तेव्हा सर गॉडफ्रे मिशीवर हात फिरवत म्हणाले, "माझीच कल्पना."

चहा ओतणाऱ्या हेस्टरने ते ऐकलं, आणि तेच ऐकून अँब्रोझ निमूट स्टेशनकडे निघाला, तेही पाहिलं. किटली तिथेच ठेवून ती भुरभुर पावसात तडक स्टेशनवर गेली. तो बाकावर बसला होता.

"सगळं श्रेय ते घेतायत, आणि तुम्ही निमूट निघालात?"

"खिडक्या राहिल्या ना. मी भांडलो असतो, तर त्यांनी त्या बुजवल्या असत्या."

"आणि मी? मला सांगावंसंही वाटलं नाही?"

"नोकरी गेली, शिफारसपत्र नाही... कुठल्या तोंडाने विचारणार होतो?"

"हो की नाही, ते मी म्हणायचं असतं. तुम्ही परस्पर ठरवून मोकळे. म्हणजे सर गॉडफ्रेंनी खिडक्या खोडल्या, तसं तुम्ही मला खोडलंत."

तो उठून उभा राहिला. "हेस्टर... लग्न करशील माझ्याशी?"

"मी अजून रागात आहे."

"मग थांबतो."

गाडी आली, दारं उघडली, मिटली. तो जागचा हलला नाही. शेवटचा डबा पुलाआड गेला.

"करीन," ती त्याच चिडक्या आवाजात म्हणाली. "पण आधी त्या पाहुण्यांना सांगून येणार, कल्पना कुणाची ते."

"तुझीही नोकरी जाईल."

"जाऊ दे. चल."

त्याने तिचा हात धरला. तिने तो सोडवला नाही, फक्त पाय आणखी भराभर उचलले.