थांबत नाही तो गोळा

पहिली टक्कर आमचीच झाली. मी घाईघाईने लेथच्या कारखान्यात शिरत होते, तो पोलादी छर्‍यांचा डबा घेऊन बाहेर येत होता… पुढच्याच क्षणी छर्रे फरशीभर!

"अहो, जरा बघून चाला की!"

माफी मागायची राहिलीच. माझे डोळे खाली खिळले होते. एक छर्रा घरंगळत आला, दुसर्‍यावर आदळला आणि थबकला. दुसरा मात्र सुसाट निघाला.

"हे… पुन्हा करता येईल?" मी विचारलं.

"काय, धक्का मारणं?"

माझे कान तापले. मग धीर करून सांगितलं, की मी शेजारच्या शाळेतली नवी विज्ञानाची बाई. शनिवारी मोठ्या बाई माझा पाठ बघणार होत्या. रंगला तर नोकरी कायम, नाहीतर गाशा गुंडाळून आईकडे परत. त्यासाठी मला दोन पोलादी गोळे हवे होते. दोर्‍याने टांगायला, शेवटच्या बाकावरून दिसतील एवढे, आणि वजनाला अगदी सारखे.

"एवढंच ना? देतो करून," तो म्हणाला. हसला असा, की मी वजन सांगायचंच विसरले.

गोळे सुरेख झाले. पण घरी टांगून सोडले, तर पहिला थांबेचना! टक्कर दिल्यावरही हळूच पुढे सरकायचा. गोळे घेऊन मी गेले परत.

"थांबत नाही हो."

"हट्टी दिसतोय," म्हणत त्याने लेथवर जरासा कीस काढला. दुसर्‍या दिवशी पुन्हा तेच. तिसर्‍या दिवशीही. तोवर माझ्यासाठी खिडकीपाशी एक स्टूल आलं होतं, आणि मीही वेणी जरा नीट घालू लागले होते.

शुक्रवारी मात्र कारखान्याची मालकीण, म्हणजे त्याची आत्या, ड्रिल बंद करून गरजली, "काय रे, हातात घेऊन केसाएवढा फरक ओळखणारा तू! या दोन गोळ्यांपाशीच हात लुळा पडला होय?"

तो लालबुंद. "सारखे झाले असते तर… या परत कशाला आल्या असत्या?"

"पहिला पुढे सरकतो, म्हणजे तोच जड," मी पुटपुटले. "हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही तरी कुठे बोललात…"

"दोघंही सारखेच चोर!" आत्या म्हणाली आणि चहाच्या निमित्ताने आत गेली.

त्याने शेवटचा कीस काढला. आम्ही गोळे टांगले. मी पहिला मागे ओढून सोडला. टक्…

पहिला थांबला. साफ थांबला, कुणी हातात धरल्यासारखा. दुसरा तेवढ्याच उंचीपर्यंत उचलला गेला. हा नियम मी कितीदा पाठ केला होता, तरी अंगावर काटा आला.

"सगळं देऊन टाकलं त्याने?" तो अगदी हळू म्हणाला. "स्वतःकडे काहीच ठेवलं नाही?"

"संवेग म्हणतात त्याला. वजन सारखं असलं आणि टक्कर स्थितिस्थापक, म्हणजे ऊर्जा न गमावणारी असली, की सगळाच्या सगळा देता येतो. पण थांबा… बघा."

दुसरा परत आला. टक्. आता तो थांबला आणि पहिला उचलला गेला.

"परत दिलं!" त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. नंतर कितीतरी वेळ आम्ही दोघं नुसते बघत राहिलो. त्याचा हात माझ्या हाताशेजारी होता, आणि मला तो तिथेच हवा होता.

शनिवारी वर्गात शेवटच्या बाकावरची मुलंही पुढे झुकली होती. मोठ्या बाई उठल्या, चष्मा सावरला आणि स्वतः गोळा सोडला. मग पुन्हा. मग आणखी एकदा. "सोमवारपासून कायम समजा," त्या गोळ्यावरची नजर न काढता म्हणाल्या.

मी थेट कारखान्यात पोचले. त्याने लेथ थांबवला. मला बघून त्याचा चेहरा उतरला.

"काय झालं? वर्गात थांबला नाही?"

"थांबला. आणि नोकरीही कायम झाली."

"मग… आज काय बिघडलंय?"

"काहीच नाही," मी स्टूल ओढत म्हटलं. "तरी आले."