बॅटरी कोण पितंय?

गाडी भिंतीवर चांगली उंच चढली होती, आणि तेवढ्यात तिचा आवाज तुटला.

शेवंतीने वरच्या कठड्याची फळी घट्ट धरली. खाली लाकडी फळ्यांचा तो प्रचंड मौत का कुवा, आणि त्याच्या उभ्या भिंतीवर मोटारसायकलसकट आडवी होऊन गरगर फिरणारी बकुळाताई. इंजिन एकदा खोकलं, पेटलं, पुन्हा खोकलं. बकुळाताईने हँडल अलगद वळवलं आणि गाडी चकरा घेत घेत तळाशी उतरवली. लोकांना वाटलं, हाही खेळाचाच भाग. त्यांनी टाळ्या पिटल्या. पण शेवंती कठड्यावरून वाकून पाहत होती. बकुळाताईने लोकांकडे पाहिलंही नाही. ती घाईघाईने इंजिनाशी वाकली.

सत्तावन्न सालचा मे महिना होता. सुट्टी लागताच वरळीच्या बीडीडी चाळींतली निम्मी मुलं कोकणात गेली होती. शेवंतीच्या घरात नुकतीच बुद्धाची तसबीर लागली होती आणि धर्म बदलल्यावरून गाव बिथरलेलं, त्यामुळे तिकडे जायचं नाव आता कोणी काढत नव्हतं. तिची धाकटी बहीण राधा आणि शेजारच्या खोलीतला जयवंत हेही मागे राहिले होते. जयवंतच्या वडिलांना गिरणीतून रजा मिळाली नव्हती. मैदानात कुवा उभा राहिला तेव्हापासून हे तिघं दिवसभर तिथेच पडीक असत. बाई माणूस घोडेस्वारासारखी तंग ब्रीचेस घालून भिंतीवर मोटारसायकल चालवते, हे पाहूनही त्यांना खरं वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं कुव्यापाशी गेले, तर बकुळाताई किकवर किक मारून घामाघूम झाली होती. गाडी ढिम्म. खेळाचे मॅनेजर बाबुराव म्हणत होते, पेट्रोलात कचरा असेल. तिकीट फाडणाऱ्याच्या मते दृष्ट लागली होती, आणि त्याने हँडलला लिंबूमिरची बांधूनही टाकली होती.

जयवंतच्या चिंतामणीमामांचं परळला बॅटऱ्या चार्ज करायचं दुकान होतं. तो पुढे झाला आणि म्हणाला, "ताई, जरा हॉर्न दाबता?"

हॉर्न कसला, सर्दी झालेल्या बोकडाचा आवाज आला. मग त्याने दिवा लावायला सांगितला. दिवा लालसर पेटला आणि तसाच विझत गेला.

"पेट्रोल नाही, दृष्ट नाही. बॅटरी उतरलीय," जयवंत म्हणाला. "ह्या गाडीची ठिणगी बॅटरीतून येते. बॅटरी मेली की इंजिन मेलं."

बकुळाताईने पान्याने बॅटरी सोडवून त्यांच्या हवाली केली.

मामांच्या दुकानात शेवंती पहिल्यांदाच गेली होती. फळीवर बॅटऱ्या रांगेने मांडल्या होत्या, त्यांच्या पोटात बुडबुडे उठत होते, सूं सूं आवाज येत होता आणि अ‍ॅसिडच्या वासाने नाक चुरचुरत होतं. त्या काळ्या डब्यांमध्ये वीज साठत होती. कुठेही दिसत नव्हती, तरी साठत होती. शेवंती पुढे वाकली तसं मामांनी तिला मागे ओढलं. कपड्यावर थेंब पडला तर भोक पडेल म्हणाले.

त्यांनी बॅटरीच्या खुंट्यांवर चढलेला पांढरा-हिरवा थर सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन काढला. आत पाणी कमी झालं होतं. ते भरताना त्यांनी बजावलं, की बॅटरीत नळाचं पाणी कधी घालायचं नाही, बाटलीतलं शुद्ध पाणीच घालायचं. मग बॅटरी चार्जिंगला लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी काचेच्या नळीने आतलं अ‍ॅसिड ओढून पाहिलं आणि निर्वाळा दिला, की बॅटरी ठणठणीत आहे, हिला काही झालेलं नाही.

खरंच, त्या सकाळी गाडी पहिल्या किकला सुरू झाली. राधाने हॉर्न दाबला तर कुव्याच्या कनातीवरची कबुतरं उडाली.

आणि संध्याकाळच्या खेळाला पुन्हा तीच रड. धक्का मारून गाडी कशीबशी सुरू झाली, पण बकुळाताई भिंतीवर जेमतेम अर्ध्यापर्यंत चढली आणि उतरली. जयवंतने बॅटरी तपासली. खुंटीवर वायर आवळणारी चक्की हाताने फिरत होती इतकी सैल होती.

शेवंती त्या चक्कीकडे बघत राहिली. सकाळी पोटभर भरलेली बॅटरी, दुपारभर गाडी जागची हललेली नाही, मग वीज गेली कुठे? मामांना विचारलं तर ते म्हणाले, एखादी वायर कुठेतरी घासत असेल तर वीज गळते. सगळं बंद करून वायर सोडा आणि खुंटीला हलकेच टेकवून बघा. ठिणगी उडाली तर समजा गळती आहे. मुलांनी तसं करून पाहिलं. एकदाही ठिणगी उडाली नाही.

"म्हणजे गळत नाही," शेवंती हळूच म्हणाली. "कोणीतरी पितंय. आणि चक्की सैल सोडून जातंय."

तिने बकुळाताईला सांगितलं. ताईने बाबुरावांना विचारलं. बाबुराव हसले आणि पोरांच्या डोक्यात सुट्टीचे किडे वळवळतायत म्हणाले. दुपारी बकुळाताई तंबूत झोपे. कुव्याच्या दाराची किल्ली बाबुरावांकडे असे, आणि ते मुलांना आसपास फिरकू देत नसत. पाळत ठेवणार कशी?

उपाय राधाला सुचला. धुतलेल्या खुंट्यांवर पुन्हा थर चढू नये म्हणून मामांनी व्हॅसलीन लावायला दिलं होतं. राधाने घरून कपड्यांना घालायची नीळ आणली आणि त्यात कालवली. बॅटरी पुन्हा चार्ज होऊन आली तशी तिघांनी बकुळाताईच्या देखत खुंट्यांना ते निळं व्हॅसलीन चोपडलं. ताईने हसू दाबलं, पण बाबुरावांना काही कळू दिलं नाही.

दुपारी गिरणीची पाळी सुटायच्या वेळेला गेटवर संयुक्त महाराष्ट्र समितीची सभा होती. सभा असली की तिघं जातच. कारण तिथे गुणाजीदादा असे. चाळीतला हा तरुण हातगाडीवर उभा राहून भोंग्यातून घोषणा देऊ लागला की अंगावर काटा येई. मागच्या वर्षी मोर्चात त्याने लाठ्या खाल्ल्या होत्या. त्याच्यासारखं व्हावं असं जयवंतला वाटे, आणि शेवंतीलाही वाटे, पण ती बोलून दाखवत नसे.

"मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..."

"झालाच पाहिजे!"

हजार मुठी वर गेल्या. त्या सगळ्यांच्या वर गुणाजीदादाची मूठ होती, आणि तिची बोटं निळीशार होती.

जयवंतने शेवंतीकडे पाहिलं. कोणीही चोर निघाला असता तर चाललं असतं, पण हा? शेवंती गर्दीतून वाट काढत हातगाडीपाशी गेली. गाडीखाली गोणपाट होतं. तिने ते उचललं. खाली निळ्या खुंट्यांची, बकुळाताईची बॅटरी होती आणि तिच्यातून निघालेल्या वायरी भोंग्याच्या मशीनला जोडलेल्या होत्या.

घोषणा संपेपर्यंत ती थांबली. मग तिने त्याचा शर्ट ओढला.

"दादा, ही बॅटरी कुणाची माहितीये तुला?"

"बाबुरावांची. एरवी बॅटरी देणारा आमचा टॅक्सीवाला गावाला गेलाय, म्हणून मागून घेतली. दुपारची नुसती पडून असते गं."

"बकुळाताई हिच्यावर भिंत चढते. त्या दिवशी वरच इंजिन बंद पडत होतं."

गुणाजी खाली वाकला. "मला वाटलं, ही फक्त दिव्यासाठी असेल," तो म्हणाला. मग त्याने आपल्या निळ्या बोटांकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. सभा रंगात आली होती, पुढारी बोलायला उभे राहत होते. त्याने कोणालाच विचारलं नाही. हात घालून वायरी काढल्या आणि भोंगा मुका झाला.

गुणाजी हातगाडीवर उभा राहिला आणि नुसत्या गळ्याने त्याने घोषणा दिली. पहिल्या रांगेने ती उचलली, मग मागच्यांनी, मग गिरणीच्या जिन्यावर उभ्या असलेल्या बायांनी. आवाज भिंतींवर आपटून परत आला, तो असा, की शेवंतीला पायाखालचा रस्ता हलल्यासारखा वाटला. भोंग्याने इतका मोठा आवाज कधीच दिला नव्हता. बॅटरी पोटाशी धरून ती तशीच उभी राहिली. माणसांच्या गळ्यात एवढं काही असतं, हे तिला माहीत नव्हतं.

सभा संपताच गुणाजीने बॅटरी खांद्यावर घेतली आणि मुलांबरोबर परळ गाठलं. मामांनी सगळं ऐकून घेतलं, आपली एक भरलेली बॅटरी काढून दिली आणि जाता जाता राधाच्या डोक्यावर हात ठेवला. एवढी साधी युक्ती आपल्याला सुचली नसती म्हणाले.

कुव्यापाशी बाबुराव आधी उखडले. चांगल्या कामाला दिली होती, त्यात काय बिघडलं, असं म्हणू लागले. बकुळाताई शांतपणे चक्की आवळत होती. ती न वळताच बोलली.

"मला विचारलं असतं तर मीसुद्धा दिली असती, बाबुराव. दुसरी भाड्याने आणून खेळ केला असता. पण वर मी होते."

बाबुरावांनी कुव्याच्या दाराची किल्ली काढून ताईच्या हातात ठेवली. गुणाजीने दोन्ही हात जोडून ताईची माफी मागितली. मग कठड्यावर जमलेल्या सगळ्या लोकांना त्याने मोठ्याने सांगून टाकलं, की चूक आपली होती आणि ती चाळीतल्या या तीन मुलांनी पकडली. शेवंतीचे वडील पाळी संपवून तिथेच आले होते. ते फार बोलणारे नव्हते. शेजारच्या माणसाला एवढंच म्हणाले, "माझी मुलगी आहे ती. आणि ती धाकटी, तीही."

बकुळाताईने मुलांना हाक मारली. ती म्हणाली, आज वरून नाही बघायचं. तिने तिघांना कुव्याच्या तळाशी मधोमध उभं केलं आणि हलायचं नाही असं बजावलं. दार बंद झालं. आता चहूबाजूंनी नुसत्या फळ्या होत्या आणि वर आभाळाचा गोल तुकडा.

पहिल्या किकला गाडी गरजली. एक चक्कर, दोन चकरा, मग चाकं उतारावर, मग भिंतीवर. फळ्या थडथडू लागल्या, जमीन तळव्यांखाली गुणगुणू लागली. राधाने शेवंतीचा हात धरला. बकुळाताई त्यांच्या डोक्यावरून जात होती. तिची वेणी मागे ताठ उडत होती आणि इंजिनाचा आवाज एकसंध वाहत होता. मग तिने हँडलवरचा एक हात सोडला. मग दुसराही. दोन्ही हात पसरून ती भिंतीवरून फिरत राहिली, घारीसारखी.

वर लोक ओरडत होते, टाळ्या वाजवत होते. शेवंती मान वर करून गोल गोल वळत होती. टाळी वाजवायचं तिला सुचलंच नाही.