पंपाचा दिवा

भीती वाटणार असेल त्याने आत्ताच उठून झोपायला जावं. मधेच "काका, पुरे" म्हटलेलं मला चालणार नाही. आणि ही ऐकीव थाप नाही. ज्याच्यावर बेतलं तो मिस्त्री माझा जुना दोस्त. खोटं रचायला डोकं लागतं, आणि त्याचं सगळं डोकं लोखंडात गेलेलं.

हा मिस्त्री जुने पेट्रोल पंप दुरुस्त करतो. हसू नकोस गं, असाही धंदा असतो. आताच्या पंपांसारखे नव्हेत ते. उंच लोखंडी खांब, वर काचेचा जाड नळा, आणि त्याच्याही वर दुधी काचेचा गोल दिवा. बाजूचा दांडा मागेपुढे केला की पेट्रोल काचेत चढायचं. गिऱ्हाइकाने डोळ्यांनी बघायचं, मग रबरी नळीतून गाडीत सोडायचं. रात्री दिवा पेटलेला असला की पंप उघडा, विझलेला असला की बंद.

तर एका हॉटेलवाल्याने जुन्या रस्त्यावरच्या एका बंद पडलेल्या पंपावरून असला एक खांब विकत घेतला. त्याला तो हॉटेलच्या दारात उभा करायचा होता. मिस्त्री आपली गाडी घेऊन तो आणायला गेला, हॉटेलवाला बरोबर.

"किती खर्च येईल?" हॉटेलवाल्याने विचारलं.

"नुसता दिसायला हवा, की चालायलाही हवा?"

"दोन्ही."

"मग पंप जेवढ्याला घेतलात त्याच्या तिप्पट धरून चला."

हॉटेलवाल्याचा चेहरा उतरला. "अरे, वरून रंग मारून दे की!"

"रंगच मारायचा तर रंगाऱ्याकडे जा. माझं काय काम?"

असा तिरसट माणूस. पण काम बघत राहावं असं. यंत्राने घासून रंग उडवायचा नाही, हाताने एकेक थर खरवडायचा. खालचा मूळ रंग सापडला की त्याच रंगाचा नवा बनवून घ्यायचा. आतल्या चामडी चकत्या वाळून खडखडीत झालेल्या असतात, त्या नव्या कापायच्या. निम्मा पैसा जातो काचेत, कारण तसला नळा आता कुणी करत नाही. तो प्रयोगशाळेची भांडी बनवणाऱ्याकडून मुद्दाम फुंकून घ्यावा लागतो. तीन महिने मिस्त्री त्या खांबाला चिकटून होता. बायको म्हणायची, "मला विचारत नाही एवढं त्याला विचारता."

पण विचारायचा तो. फार जपायचा. दोनदा पोट राहून दोनदा रिकामं झालं होतं तिचं. या खेपेला दिवस भरत आले होते, अजून तीनेक आठवडे होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, जराही दुखलं तर तडक निघा, वाट बघू नका. मिस्त्रीचं वर्कशॉप गावाबाहेर, वर दोन खोल्यांत बिऱ्हाड, शेजारी कुणी नाही. म्हणून गाडीची टाकी तो कायम भरलेली ठेवायचा. देवाला हात जोडावे तसा रोज काटा बघायचा.

दहा जानेवारीची रात्र. शनिवार. पंपाचं काम संपलं होतं.

आता अशा कामाची एक पद्धत असते. शेवटच्या रात्री काचेत पाणी भरून ठेवायचं, म्हणजे कुठे गळतंय का ते कळतं. आणि वरचा दिवा रात्रभर जळता ठेवायचा, म्हणजे नवी वायर तापतेय का ते कळतं. मिस्त्रीने दोन्ही केलं. रंग ओला होता आणि त्या वासाने वर बायकोला मळमळत होतं, म्हणून शटर अर्धं उघडं टाकलं. स्वतः खाली बाकावर आडवा झाला.

म्हणजे लक्षात घ्या. काळोखा रस्ता. आणि त्या रस्त्यावर एक पेटलेला पंप.

पावणेतीनला त्याला जाग आली. शटरखालून वाकून कुणीतरी आत बघत होतं. तिशीचा माणूस, चांगल्या घरचा, हातात पत्र्याचा डबा. धापा टाकत होता.

"पंप उघडा आहे ना? दिवा दिसला म्हणून आलो."

मिस्त्रीला हसू आलं. "अहो, हा शोभेचा आहे."

"काचेत दिसतंय की."

"ते पाणी आहे."

तो माणूस आत आला आणि काचेकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "वर वळणावर गाडी बंद पडलीय. बायको आहे आत. कळा सुरू झाल्यात तिला."

मिस्त्री ताडकन उठला. "चला, माझी गाडी आहे. आत्ता नेऊ त्यांना."

"नको. ती उतरत नाही गाडीतून."

"उतरत नाही म्हणजे?"

"नुसतं पेट्रोल द्या."

घाबरलेल्या माणसाशी कुठे वाद घालायचा? मिस्त्रीने आतच उभ्या असलेल्या स्वतःच्या गाडीच्या टाकीत नळी घातली, तोंडाने ओढली, थुंकला, आणि दुसरं टोक त्या डब्यात सोडलं. डबाभर द्यायचं, बाकीचं आपल्याला ठेवायचं, असा हिशोब.

नळीतून पेट्रोल वाहत होतं. हाताला थंडगार लागत होतं.

पण डब्यात पडल्याचा आवाज येत नव्हता.

डबा लहान होता. केव्हाच भरायला हवा होता. तो माणूस एका हाताने डबा धरून उभा. हात जरासुद्धा खाली येत नव्हता.

"झालं असेल," मिस्त्री म्हणाला.

"अजून."

"अहो, मलाही लागेल हो... माझी बायकोसुद्धा..."

"अजून."

मिस्त्री नळी उपसायला गेला. हात उचलेना. धापांचा आवाज थांबला होता. केव्हा थांबला, कळलं नाही. तो माणूस श्वासच घेत नव्हता...

"मागच्या वेळी मी पळत येत होतो," तो म्हणाला. अगदी हळू. "तुम्ही बघितलंत मला. आणि दिवा विझवलात."

"मी नाही हो... मी तेव्हा..."

"दिवा हाच होता."



नळीने शेवटचा घोट ओढला. टाकी कोरडी. तो माणूस वाकला आणि शटरखालून गेला. पावलं वाजली नाहीत.

बऱ्याच वेळाने मिस्त्रीने बाहेर डोकावलं. रस्ता मोकळा. सरळ. आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं... त्या रस्त्याला वळण नाहीच. लांबपर्यंत कुठेच नाही. वळण होतं ते जुन्या रस्त्यावर, जिथून पंप आणला तिथे.

त्याने दिव्याच्या बटणाकडे हात नेला. तसाच मागे घेतला. विझवायची छाती झाली नाही.

आणि वरून हाक आली.

"अहो... अहो, लवकर या..."

तिला कळा सुरू झाल्या होत्या.

मिस्त्रीचं काय झालं असेल, विचार करा. ॲम्ब्युलन्सवाले तास लागेल म्हणाले. गाडीत थेंब नाही. स्वतःच्या हाताने काढून दिलेलं सगळं. तो मला म्हणाला, "त्या क्षणी मी स्वतःला शिव्या घातल्या, त्या माणसाला घातल्या, देवाला घातल्या." बायकोला उचलून त्याने मागच्या सीटवर झोपवलं. वेड्यासारखी किल्ली फिरवली.

गाडी सुरू झाली.

काटा तळाला. इंधनाचा लाल दिवा पेटलेला. आणि गाडी पळतेय. त्याने काट्याकडे बघणं सोडून दिलं.

मागे बायको कण्हत होती. मग कुणाशीतरी बोलायला लागली.

"ताई, हात सोडू नका... ताई, तुम्हालाही फार दुखतंय का हो?"

मिस्त्रीने आरशात बघितलं. बायको एकटीच होती. पण सीटच्या कडेला अंग चोरून पडली होती. दुसऱ्या कुणालातरी जागा करून दिल्यासारखी.

आणि कण्हण्याचे आवाज... दोन होते.

त्याने पुन्हा आरशात बघितलं नाही. हॉस्पिटलच्या दाराशी गाडी आपोआप बंद पडली. दुसऱ्या दिवशी टाकी उघडली तर आत धूळ.

मुलगी झाली. सुखरूप. गाडीतलं बायकोला काही आठवेना. "कोण ताई?" म्हणाली.

पंप हॉटेलात गेलाच नाही. मिस्त्रीने हॉटेलवाल्याला सगळे पैसे परत केले. दिवा रोज संध्याकाळी लावतो, आणि सकाळ झाल्याशिवाय बटणाला हात लावत नाही. किती खर्च आला म्हणून मी एकदा थट्टेने विचारलं. तो रडला रे. एवढा मोठा माणूस.

मुलगी आता नऊ वर्षांची आहे. गोड, बडबडी. मागच्या महिन्यात गेलो होतो तेव्हा माझ्या मांडीवर येऊन बसली. नुकतीच अंघोळ झालेली, केस ओले. आई तिच्यावर जीव टाकते, गाल कुरवाळते, हाताचे पापे घेते. पण डोक्याशी कधी तोंड नेत नाही. का, ते मी विचारलं नाही. मला वाटलं, असेल काहीतरी सवय. मग त्या पोरीने माझ्या छातीवर डोकं टेकलं.

टाळूला पेट्रोलचा वास येत होता.