गोदामातलं चॅपल

"डोकं झाकायचा नियम फक्त बायकांनाच, की मलाही?"

दारातल्या माणसाच्या खांद्यावर हत्यारांची पिशवी होती, डोक्यावर हेल्मेट.

"बायकांनी झाकायचं, पुरुषांनी काढायचं," डोक्यावरची जाळीची ओढणी सावरत ती म्हणाली. "तेव्हा... उतरवा ते."

तो ऑर्गन दुरुस्त करायला आला होता. ती तिथली गाणारी, एकटीच उरलेली. टायरच्या दुकानामागचं भाड्याचं गोदाम, हेच तिच्या लोकांचं चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर. मोठ्या चर्चनं जुनी लॅटिन मिस्सा, म्हणजे लॅटिनमधली उपासना, बंद केली, तेव्हा तिचे वडील आणि आणखी काही घरं एका म्हाताऱ्या फादरांना घेऊन बाहेर पडली होती. तेव्हापासून वडिलांनी तिकडेच राहिलेल्या सख्ख्या भावाशीही बोलणं टाकलं होतं.

ऑर्गनचा भाता फाटला होता. चामड्याचं ठिगळ लावता लावता तो विचारायचा, "लॅटिन कळतं तुम्हाला?"

"थोडंफार."

"मग न कळलेलं इतकं मनापासून कसं गाता?"

"चोरून ऐकता होय?"

"कान बंद ठेवून ऑर्गन कसा दुरुस्त करू?"

काम त्यानं चांगलंच लांबवलं; सूर तपासायच्या निमित्तानं तिच्या गाण्याला साथही करायचा. तिनंही घाई केली नाही... पण वडिलांच्या नजरेतून काही सुटलं नाही.

"कुठल्या चर्चचा तू?"

"मोठ्या. आई तिकडेच जाते, मीही."

"काम झालं ना? मग निघ आता."

तो गेला. पुढच्या रविवारी वाजवायला कुणी नसल्यानं ऑर्गन गप्प होता, आणि तिचा सूर काही केल्या लागेना.

अशातच म्हातारे फादर झोपेतच गेले. दुसरे फादर मिळेनात, म्हणून आपणच प्रार्थना म्हणून निरोप द्यायचा असं ठरलं. वेदीपुढे शवपेटी ठेवली होती.

"बाबा, मला एकटीला नाही गाता येणार," ती म्हणाली. "मी ऑर्गनवाल्यांना बोलावलंय."

वडिलांनी ऑर्गनपुढचं स्टूल पुसलं, आणि नीट सरकवून ठेवलं.

गाताना मध्येच ती थांबली. त्यानं ऑर्गनवरचं बोट उचललं नाही. तोच एक सूर धरून राहिला — तिला पुन्हा गाता येईपर्यंत.

दफनावरून परतल्यावर मेणबत्त्या विझवताना तो हलकेच म्हणाला, "मी इथे गुडघे टेकेन... तुमच्या शेजारी. पण आईला तिकडे एकटी सोडणार नाही."

"सोडा म्हणतंय कोण? मीही बाबांना सोडणार नाही."

"मग लग्न कुठे करायचं?"

रडून सुजलेल्या डोळ्यांनी ती हसली. "आधी विचारलंत तरी का?"

"आता विचारतो... कराल?"

"करेन."

मागे कुणी तरी खाकरलं. वडील होते.

"इथे आता फादर नाहीत," ते म्हणाले. "तिकडेच करावं लागेल. मी आत पाऊल टाकणार नाही. पण दारापर्यंत हिला मीच आणेन."

तिनं त्यांचा हात घट्ट धरला. त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

"आणि दार लावू नका म्हणावं त्यांना... बाहेर ऐकू यायला हवं मला."