विहंगच्या अँपची घुंघुं

इतवारीतल्या भंगारवाल्याकडे एकाच जुन्या रेडिओवर दोन हात पडले — एक भैरवीचा, दुसरा विहंगचा.

"सोड ना वं! मले याचे व्हॉल्व पाहिजे."

"मग मले काय याचं लोणचं घालायचं आहे?"

तो खळखळून हसला. तिथेच पोरगी कामातून गेली, दुसरं काय!

दोघांचंही इंजिनिअरिंग नुकतंच संपलेलं, कॉलेजं तेवढी वेगळी. ठरलं — रेडिओ दोघांचा, अन् त्याचे काचेचे व्हॉल्व वापरून विहंगचा पहिला अँप्लिफायर बनवायचा. छोटासाच, खोलीपुरता वाजणारा. मग दर रविवारी हुडकेश्वरला त्याच्या गच्चीवरच्या खोलीत सोल्डरचा धूर, तर्री-पोहे, आणि तारा देता-घेता उगाच लागणारी बोटं...

दिवाळीच्या सुमाराला अँप वाजला. पण गाण्यामागे सतत घुं... घुं... विहंगने सारं खोलून पुन्हा जोडलं, काही केल्या जाईना. भैरवीला मात्र पहिल्याच दिवशी दिसलं होतं — अर्थिंगची तार अँपच्या पत्र्याला दोन ठिकाणी जोडली होती, घुंघुं त्यामुळेच. एका ठिकाणची कापली की काम फत्ते. पण मग रविवारही संपले! ती गप्प बसली. बाई गं, प्रेमात माणूस इतका आपमतलबी होतो?

"काहून हसून राहिली?"

"तुझं तोंड पाहून... इतक्यात थकला का गा? येईन ना मी पुढच्या रविवारी."

संक्रांतीनंतरच्या रविवारी ती आली, तर तो नुसताच बसून होता.

"बुटीबोरीले लागलो. सूतगिरणीत. उद्यापासून."

"अन् हे?"

"पुण्याच्या स्पीकर बनवणाऱ्या एका कंपनीनं बोलावलं होतं. स्वतः बनवलेलं काही घेऊन या म्हणे. तुले सरप्राइज देणार होतो... पण हे घुंघुं घेऊन कुठं जाऊ? काल तारीख गेली. मले नाही जमत हे, भैरवी."

तिने प्लग काढला, जरा थांबून ती तार कापली आणि प्लग पुन्हा लावला. गाणं स्वच्छ वाजू लागलं.

विहंग आनंदाने ओरडलाच. मग त्याची नजर कापलेल्या तारेवर गेली.

"तुले कधीपासून माहीत होतं?"

"दिवाळीपासून." तिला रडू आवरेना. "तू मले आवडतो, विहंग. तुझ्याकडे येणं बंद होईल म्हणून..."

"मलेही तू आवडत होती वं," तो म्हणाला. "पण दर रविवारी तुझ्यासमोर मी स्वतःले ढ म्हणत होतो. अन् तू ऐकून राहिली होती."

त्याने तिची बॅग उचलून तिच्या हातात दिली. जिन्यापर्यंत सोडायला मात्र तो आला नाही.